सदतीस मीटर

उतरलं. टाळ्या वाजल्या, कोणीतरी रडलं,
शेंगदाण्यांची बरणी हातोहात रिकामी झाली.
गर्दी पांगल्यावर अराक्सीनं विचारलं,
"उतरलं, पण कुठे?"

उत्तर होतं आमच्याकडे. एक लंबवर्तुळ,
अकरा किलोमीटर लांब, सात रुंद.
म्हणजे पासाडेनात हरवलेलं मांजर
ग्लेनडेलपर्यंत कुठेही असेल, असं म्हणण्यासारखं.

पहिलं छायाचित्र पहाटे तीनला आलं.
अर्धं भिंग धुळीनं माखलेलं,
एका चाकाची सावली,
आणि क्षितिजावर तीन टेकड्या:
एक बसकी,
एक मधोमध चिरलेली,
एक इतकी पुसट की हॉलिस्टर म्हणाला,
सोड ती, डाग आहे.

हॉलिस्टर सत्तरीचा.
तरुणपणी नेवाडाच्या वाळवंटात
तिपाई खांद्यावर टाकून जमिनी मोजत हिंडलेला.
त्यानं संगणकाकडे पाठ केली,
खणातून ट्रेसिंग पेपर काढला,
क्षितिज गिरवलं आणि वरून काढलेल्या नकाशावर
सरकवत बसला तासन्‌तास,
किल्ली चुकीच्या कुलपांत घालून पाहावी तसा.

सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणे.
आम्ही स्वर्गात आधीच पोचलो होतो,
सूत तेवढं सापडत नव्हतं.

तिथला दिवस इथल्यापेक्षा चाळीस मिनिटांनी मोठा.
रोज तेवढंच उशिरा उजाडायचं आम्हाला.
अराक्सीच्या खिडक्यांना स्वयंपाकाची चकचकीत फॉइल,
पोरगा शाळेतून यायचा तेव्हा ही झोपायला जायची.
एकदा फ्रिजवर वाहेची चिठ्ठी:
"आई, तू आत्ता कुठल्या दिवसात आहेस?"
तिनं ती मला दाखवली, हसली नाही.
माझ्या भाषेत उत्तर सोपं होतं, मंगळवारात.
पण ते इंग्रजीत सांगता येईना,
आणि तिच्या आर्मेनियनमध्ये तर मुळीच नाही.

चौथ्या दिवशी खात्री पटली.
बसकी टेकडी इथे, चिरलेली तिथे,
टाचणी मी स्वतः टोचली.
वरिष्ठांना कळवलं, सँडविच मागवले,
सॅन गॅब्रिएलच्या डोंगरांकडे बघत
पार्किंगमध्ये उभ्यानं खाल्ले. छान लागले.

मग तिथल्या संध्याकाळचं चित्र आलं.
सूर्य कललेला, धूळ थोडी झटकलेली,
आणि हॉलिस्टरच्या डागाची
डावी बाजू काळवंडलेली.
बराच वेळ कोणी बोललं नाही.
"डागाला बाजू नसते," अराक्सी म्हणाली.

हॉलिस्टरनं चष्मा काढला, पुसला, घातला,
परत काढून पुसला.
तिसरी टेकडी हिशेबात आली
आणि आमचं सगळं घर
अडीच किलोमीटर ईशान्येला हललं.

तीन रेषा ओढल्या. एका बिंदूत भेटल्या नाहीत,
मध्ये शेंगदाण्याएवढा त्रिकोण उरला.
नेवाडातही उरायचाच, हॉलिस्टर पुटपुटला,
लोक त्याच्यावर कुंपणं घालायचे, भांडायचे, वारायचे.
नवी टाचणी त्यानं माझ्या हातात दिली,
स्वतः टोचली नाही.

नवव्या दिवशी वरून उपग्रह गेला.
वाळूवर पांढरी छत्री पडलेली,
कोणी रागानं भिरकावलेल्या रुमालासारखी,
आणि तिच्यापासून दूर
एक काळा पिक्सेल. एकच.

आमची टाचणी सदतीस मीटर चुकली होती.
बाहेर कोणी विचारलं नाही.
बातमीत तोवर दुसरं काही आलं होतं.

अराक्सी भर दुपारी घरी गेली,
खिडक्यांची फॉइल ओरबाडून काढली.
वाहेच्या चिठ्ठीखाली तिनं काय लिहिलं
ते मला दुसऱ्या दिवशी सांगितलं:
"स्वयंपाकघरात."

नकाशा अजून भिंतीवर आहे.
पहिली टाचणी मीच उपटली होती,
भोक राहिलं आहे.
उन्हं कलली की त्यातून भिंतीचा रंग दिसतो,
आणि नवीन आलेलं कोणीतरी
बोट ठेवून विचारतं,
"इथे काय उतरलं होतं?"