चोपन्न

रुफिस्कचे धक्के लाकडाचे, आणि समुद्र उथळ.
जहाजं लांबच थांबायची,
परक्या दारात थांबावं तशी.
मधलं पाणी आमचं:
होड्या, वल्ही, न्दियागाच्या शिव्या.

पाऊस सरला की कायोरकडून उंट यायचे.
पोत्यांत भुईमूग, शेंगांना अजून माती.
बाया पोत्यांची तोंडं शिवायच्या, सुतळी दातात धरून.
न्दियागाची कोदू म्हणायची,
तोंड शिवलं की ते आपलं राहत नाही.

मी तराजूपाशी. कंपनीचा मापाडी.
पायांत कंपनीचे बूट, बोटभर मोठे.
पन्नासाचं वजन लोखंडी, अंगावर ठसठशीत आकडा,
आणि मला ठाऊक होतं
त्या पन्नासाच्या पोटात चार किलो जास्तीचे झोपलेत.
वीस हंगाम मी त्यांना उठवलं नाही.

शेंगा मार्सेयच्या घाण्यांत जायच्या,
साबण होऊन परतायच्या, निळ्या कागदात,
कंपनीच्याच दुकानात.
कोदूने एकदा वडी नाकाशी धरली. बराच वेळ.
मग ठेवून दिली, आणि मीठ घेतलं.

पुढे डाकारला खोल बंदर झालं.
तिथे जहाजं थेट धक्क्याला टेकत,
मधलं पाणी कुणाला नको होतं.
आमच्याकडे एका हंगामात नऊ आली, मग दोन.
त्यानंतर एक आलं. आम्ही सगळे धावलो,
न्दियागाने तर नवी वल्ही काढली.
त्यांना फक्त पिण्याचं पाणी हवं होतं.

साहेब गोदामाला कुलूप लावून गेला.
तराजू नेला, वजन राहिलं वाळूत.
कोदूचा मुलगा आला, म्हणाला, नेऊ? नांगराला होईल.
ने, म्हणालो.
आणि कसं कोण जाणे, तोंडून निघून गेलं:
अरे, ते पन्नास नाही. चोपन्न आहे.

तो हसला. बरंच की, होडी हलायची नाही.

कोदू मागे उभी होती, हातात दह्याचा वाडगा,
मामे कुंबा लंबाला, समुद्रातल्या तिच्या देवतेला द्यायला.
माझ्याकडे न बघता म्हणाली,
पोती उचलून उचलून शिवली आम्ही.
हातांना वाचता येत नाही,
पण मोजता येतं.

तिने दही पाण्यात ओतलं.
मी बूट काढले.
पलीकडे वजन बुडालं, दोर ताठ झाला,
आणि होडी थोडी वळून
लाटेकडे तोंड करून उभी राहिली.