तेरावा महिना

देस्सीच्या दवाखान्यात येशिहारेगने
जन्मतारखांचा आलेख पडद्यावर लावला
आणि पेन्सिलीने एकेका सुळक्याला टोचत गेली.
तेरा जानेवारी. तेरा फेब्रुवारी. तेरा मार्च.
एप्रिल. मे.
जूनमध्ये जेमतेम उंचवटा,
मग डिसेंबरपर्यंत सपाट माळ.
"एवढ्या आया तेरा तारीख बघून बाळंत झाल्या?"

मी गप्प.
उत्तर नुकतंच पोटात उतरलं होतं.

इथे बारा महिने नेमके तीस-तीस दिवसांचे,
आणि सुट्या नाण्यांसारखे उरलेले पाच दिवस,
चौथ्या वर्षी सहा,
पागुमे नावाच्या तेराव्या महिन्यात बांधलेले.
कारकुनाने शाईने लिहिलं: ४/१३/१९७६.
पागुमेची चार.
माझ्या यादीत महिने बाराच.

नुसतं अडलं असतं तरी चाललं असतं.
लाल अक्षरांत ठणाणा केला असता
तर दोन वर्षांपूर्वीच कुणी धावत आलं असतं.
पण मीच लिहून ठेवली होती ती शहाणी ओळ:
इथल्या रीतीने वाचता आलं नाही
तर अमेरिकेच्या रीतीने वाच,
महिना आधी, दिवस मग.
एप्रिलची तेरा. बसलं की!
आणि प्रोग्राम पुढे गेला,
रस्ता ठाऊक नसताना भिडेपोटी
"असंच सरळ जा" सांगणाऱ्या माणसासारखा.

त्या ओळीने झेनेबेचला आठ वर्षांनी म्हातारं केलं.
बाई चाळिशीला टेकलेली, पोटात चौथं,
कार्डावर वय अठ्ठेचाळीस.
दोनदा तिला भलत्याच रांगेत बसवलं होतं.
"दोन वाजता येते," असा तिचा निरोप होता.
मी जेवून, हात पुसत, दोनला पोचले.
ती सकाळपासून बाकावर.
इथे घड्याळ उजाडल्यापासून मोजायला लागतं,
आपल्या जुन्या घटकांसारखं.
तिचे दोन म्हणजे माझे आठ
आणि माझे दोन वाजले तेव्हा तिचे आठ वाजून गेलेले.
रागावली नाही. कार्ड उलटसुलट करून म्हणाली,
"फुकट दिलीत तरी नकोत मला ही आठ वर्षं."

गाव कोरेमजवळ.
त्यांचं शहात्तर म्हणजे आपलं चौऱ्याऐंशी.
"झेनेबेच," येशिहारेगने मला हळूच सांगितलं,
"म्हणजे बरसली ती."
त्या वर्षी तिथे काहीच बरसलं नव्हतं.
आईने तरी हेच नाव ठेवलं.

माझ्या जिभेवर आपली म्हण तयार होती,
दुष्काळात तेरावा महिना,
सकाळपासून घोळवलेली, गंमत म्हणून सांगायची.
ती मी गिळली.
कॉफी आली होती, तिच्याबरोबर.

ओळ काढून टाकली. पागुमे यादीत घातला,
लीप वर्षाच्या सहाव्या दिवसासकट.
येशिहारेगने वर टीप लिहिली:
अंदाज बांधायचा नाही. कळलं नाही तर ओरडायचं.
पण जुन्या नोंदींत खरी तेरा एप्रिल कुणाची
आणि हिसकावलेला पागुमे कुणाचा,
हे पडद्याला विचारून उपयोग नव्हता.
कपाटातून वह्या काढल्या, एकवीस,
वाळवीने कडा खाल्लेल्या.
देस्तालेम वाचतो, ती टंकते,
मी खुणा करते.

आज पागुमेची तीन.
आजचा पाऊस पवित्र मानतात;
फाटकाबाहेर पोरं उघडी नाचताहेत,
देस्तालेमही डोकं भिजवून आला
आणि वहीवर थेंब नको म्हणून
मान लांब करून करकोच्यासारखा वाचतो आहे.

तेवढ्यात लाल अक्षरं.
७/१३.
पागुमेला सातवा दिवस नसतो.
"ओरडला!" येशिहारेग टाळी वाजवते,
पहिलं बोबडं ऐकल्यासारखी.

मी वही खिडकीशी नेते.
शाई फुटलेली, आकड्याची मान तिरकी.
सात आहे की एक, कळत नाही.
नाव आहे. गाव आहे.
फोन नंबरच्या जागी
कुणीतरी एक आडवी रेघ मारली आहे.