पुढच्या गावची वेस

ग्रिम्सबीच्या बिंगो हॉलमध्ये
आकडे पुकारायचं यंत्र कोपऱ्यात सरकवलंय,
त्याच्यावर स्वयंसेवकांचे ओले कोट.
पाच नंबरच्या टेबलावर मी.
बिल्ल्यावर आडनाव मावलं नाही,
म्हणून नुसतं ‘मृदुला, फार्मसिस्ट’.

डावा की उजवा?
सकाळपासून एवढंच बोलतेय.

वॉल्टर ब्लँचर्ड, वय एक्क्याऐंशी, डोस दुसरा.
बाही वर सरते तर दंडावर निळा नांगर.
आमच्याकडचा नांगर जमीन उकरतो,
यांचा समुद्राच्या तळाशी रुतून बसतो,
आणि शब्द एकच.
‘चाळीस वर्षं आइसलंडच्या पाण्यात कॉड मारले,
सुईला काय भ्यायचं?’ म्हणतो,
आणि सुई दिसताच छताकडे बघतो.
नांगराची दोरी चुकवून मी टोचते.
जाताना कागदात गुंडाळलेला धुरी दिलेला मासा
टेबलावर ठेवतो.
आज गुरुवार,
हे त्याला कसं सांगू.

दुपारी नवी कुपी हातात आली.
लेबलवर बारीक अक्षरांत : पुणे.
गर्दीत माहेरचं कुणी दिसावं
तसं झालं क्षणभर.
माझ्या आईचा व्हिसा दोनदा नाकारला होता यांनी.
हिला कुणी काही विचारलं नाही.

साडेसहा.
दहा माणसं झाली तरी तळाशी
एक डोस उरलाच, अकरावा.
अर्ध्या तासात टाकून द्यावा लागेल.
यादीतले तीन फोन वाजून वाजून थांबले.
मग फरशी पुसणाऱ्या डाइवाला हाक मारली.
लिथुआनियाची, बावन्न वर्षांची,
दिवसा कारखान्यात मासे सोलते, रात्री हॉल पुसते,
हाताचा वास जात नाही म्हणून लांब उभी राहते.
‘डॉक्टरकडे नाव नाही माझं,’ म्हणाली.
‘दंड आहे ना?’ मी म्हटलं.
पंधरा मिनिटं ती खुर्चीत बसली,
बादलीवर एक डोळा ठेवून.

शेजारच्या टेबलावरची थोकोझानी
सुया मोजून पिवळ्या डब्यात टाकत होती.
तिची आई मलावीत, झोम्बाला.
छत्तीस वर्षं तिथल्या दवाखान्यात नर्स होती,
तिला अजून पहिलाही नाही.
प्रत्येक दंडाला थोकोझानी काहीतरी पुटपुटते.
मी कधी विचारलं नाही,
आज तिनेच सांगितलं.

बसमध्ये फोन उघडला.
जतहून सुनंदाने फोटो पाठवलाय,
तिच्या आरोग्य केंद्राचं दार :
‘लस संपली आहे. उद्या चौकशी करावी.’
कालच्या ‘उद्या’वर
आजचा ‘उद्या’ खडूने गिरवलेला.
पायरीखाली चपलांची रांग,
माणसं दूर लिंबाखाली.

आमच्या गावात पटकी आली की
मरीआईचा गाडा निघायचा.
रातोरात ढकलत न्यायचा
पुढच्या गावच्या वेशीपर्यंत,
आणि मागे न बघता परतायचं.
पुढचं गावही तेच करायचं.
गाडा फिरत राहायचा.
कधी कधी ओळखीची चाकं
आमच्याच वेशीवर पुन्हा उभी.
कोणी आणला म्हणून भांडणं व्हायची,
आपण कुठे सोडला होता, हे कोणी काढायचं नाही.

देवी मात्र गेली.
माझ्या दंडावर तिचा नाण्याएवढा वण आहे,
लेकीच्या दंडावर नाही.
सायकलवरून आलेल्या कंपाउंडरने
स्टोव्हवर सुई उकळून टोचलं होतं,
मी त्याला चावले होते म्हणे.
तो पुढच्या गावालाही गेला,
त्याच्या पुढच्यालाही.
एकट्या आमच्या वेशीबाहेर काढली असती
तर गेली नसती ती.

घरी मासा फ्रीजमध्ये ठेवला.
सकाळी आठला पुन्हा पाच नंबर.
सुनंदाला काहीतरी लिहायला हवं.
‘आज आमच्याकडे एक उरला होता.’
लिहिलं, पुसलं.
पुन्हा लिहिलं.
तिकडे आता रात्रीचा एक वाजला असेल,
तिच्या नावाखाली अजून हिरवा ठिपका.