हिरवा पेला

चौघांत एकाने शुद्धीवर राहायला हवं, म्हणून
डॉक्टरांनी माझी निवड केली.
मार्चपासून थेंब नाही.
कुणी यकृताचं नाव काढलं
की नुगझार काच खाली करून ओरडतो,
"अरे बघा, नदीला केवढं पाणी!"

तर किल्ली माझ्याकडे.
कुटाइसीहून समुद्राकडे निघालेली जुनी डेलिका,
मागे लामारा आणि तिच्या मांडीवर तिची टोपी,
टोपीत उकडलेली अंडी,
आणि त्सियाला, जिला वळणांवर मळमळतं
आणि म्हणून जी सगळी वळणं आधीच सांगते.

केडाच्या वरच्या अंगाला द्राक्षवेल झाडावर चढते.
मांडव नाही, तारा नाही,
सरळ पर्सिमनच्या खोडाला मिठी मारून वर.
पानं गळलेली. केशरी फळं नुसती लटकलेली,
दिवे मालवायला कुणी विसरलं असावं तशी.
रेझो सत्तरीचा, दोरीला टोपली बांधून फांद्यांत.
खालून फक्त त्याचे बूट दिसत होते.
बुटांना आम्ही नमस्कार केला.
बूट म्हणाले, "बसा, आलोच."

तळघर नाहीच त्याच्याकडे. अंगणात
गळ्यापर्यंत पुरलेले रांजण,
दगडी झाकणं, कडेला ओल्या मातीचं लिंपण.
वाईन गुलाबी, जेमतेम.
त्सियाला म्हणाली, स्ट्रॉबेरी.
लामारा म्हणाली, पावसातला दगड.
नुगझार म्हणाला, अजून थोडी घातलीत तर सांगतो.
माझ्यापुढे रेझोच्या सुनेने ठेवली तारहूनची बाटली:
हिरवीगार, फसफसती,
दुसरीतल्या वाढदिवसांची.

सरबताने पेला उंचावणं आमच्यात शोभत नाही.
रेझोने पाहिलं. विचारलं नाही काही.
शांततेसाठी पिऊन झालं, गेलेल्यांसाठी झालं,
ब्रेडच्या तुकड्यावर थेंब सांडून झाले,
मग तो म्हणाला, "हा पेला रस्त्यासाठी.
आणि रस्त्यावर डोळे ठेवणाऱ्यासाठी."
सगळे उठले. गडबडीत मीही उठलो,
स्वतःच्याच मानाला.

एक रांजण रिकामा होता, धुवायचा राहिलेला.
माझे वडील रांजण धुवायचे, गावोगाव,
चेरीच्या सालीचा कुंचा घेऊन.
तोंड अरुंद असलं की मला आत सोडत,
सात वर्षांचा मी, काखेत दोरी.
वरून सांगत, गात राहा.
गाणं थांबलं की ओढून काढत, एका हिसक्यात,
आणि मग उगाचच रागावत.

गुडघे टेकले. डोकं आत घातलं.
वाटलं होतं, वास मला मोडेल. आठ महिने.
पण आत नुसती थंड माती होती,
आणि तळाशी हाताएवढं पाणी, त्यात माझं टक्कल.
गाणं एकही आठवेना.
म्हणून डेलिकाचा नंबर म्हटला, मोठ्याने.
रांजणाने तो परत दिला
वडिलांच्या आवाजात.

वर आलो तर लामाराने माझा पट्टा
दोन्ही हातांनी धरलेला.
"पडला असतास तर गाडी कुणी चालवली असती?"
डोळे तिचे ओले, पण ती काय, अंड्यालाही रडते
दोन पेल्यांनंतर.

बातुमीत रात्री पाऊस.
कॅसिनोंचे जांभळे मजले डबक्यांत उलटे पेटलेले,
शेजारच्या गल्लीत कुणाची तरी चादर दोरीवर विसरलेली.
बंदराशी मासे निवडले, पलीकडच्या टपरीत तळून घेतले,
काटे मोजत, भांडत खाल्ले:
चाळीस वर्षांपूर्वी प्रश्नपत्रिका नक्की कुणी चोरली?
(त्सियालाने. कबूल कधीच करणार नाही.)

किनारा गोट्यांचा, वाळूचा नाही.
चालताना चौघंही सारखेच डगमगत होतो;
माझ्याकडे पाहून कुणी म्हटलंच नसतं.
नुगझारने बाटलीतला शेवटचा घोट समुद्रात ओतला.
"एल्गुजाचा वाटा," म्हणाला.
काळं पाणी आलं, गोटे खडखडवत मागे गेलं,
स्ट्रॉबेरी की दगड, काही बोललं नाही.

मग गाडीत. एक घोरतोय, एक टोपी शोधतेय,
एक पुढचं वळण सांगतेय, गाडी उभी असतानाच.
तीन डोकी मोजली.
खिशात किल्ली, आणि बाटलीचं हिरवं झाकण,
कधी टाकलं होतं कोण जाणे.