रविवार, सव्वासहा

अर्जात विषय लिहिला: पार्कोर वर्ग पुन्हा सुरू करणेबाबत.
विभागीय कार्यालयातल्या बाईंनी चष्मा खाली ओढला,
"पार्लर?"
नाही म्हटलं, भिंतींवरून जायचं असतं.
"म्हणजे चोऱ्या?"
शेवटी त्यांनीच खोडून वर लिहिलं,
व्यायाम, साप्ताहिक, मोफत,
आणि शिक्का असा दणकून मारला
की बघूनच माझे गुडघे दुखले.
इतक्या आवाजानं उतरायचं नसतं, बाई.

टाकीमागच्या मैदानाला तीन भिंती.
एक गुडघ्याएवढी, एक कमरेएवढी,
तिसरी महापालिकेनं अर्ध्यात सोडलेली,
बिल निघालं नसेल.
आम्हाला तीच आवडायची.

सगळं सिडको ह्याला माकडक्लास म्हणायचं.
मेढे सर देवळालीहून सायकलवर यायचे
आणि पहिले तीन रविवार उडी मारूच द्यायचे नाहीत.
पडा म्हणायचे, नुसते पडा.
खांद्यावरून, तिरके, घरंगळत,
परातीत कणकेचा गोळा फिरतो तसे.
मग त्यांना पुण्याला नोकरी लागली
आणि वर्ग माझ्याकडे आला.
मी एकोणीसचा, अंबडला लेथवर नवा,
आठवडाभर मायक्रॉनमध्ये बोलणारा.
आणि एका रविवारी
तिसऱ्या भिंतीवर उभ्या राजसला
मी अंतर न मोजता म्हणालो,
"मार. होतंय."

मनगट. एक पट्टी, सहा स्क्रू.
त्याची आई मला काही बोलली नाही,
रिक्षात फक्त माझा हात बाजूला केला.
सोमवारी फाटकाला कुलूप.

चार वर्षं मी त्या रस्त्यानं कामाला गेलो नाही.
पण डोळ्यांना कोण सांगणार.
बँकेचा कठडा, तीन फूट दोन इंच.
घाटाच्या पायऱ्या, शेवाळ, नको.
चुलतभावाच्या लग्नात अक्षता हातात घेऊन
मी स्टेजची उंची बघत होतो.

आज आठ जण आले.
अल्फिया, ओढणी कमरेला करकचून.
भामऱ्यांचे जुळे, दोघांनाही आधी पडायचंय.
खैरनार वॉचमन, पूर्वी काठी घेऊन आमच्या मागे धावायचे,
आता निवृत्त, म्हणाले बघतो फक्त,
आणि साडेसहाला चपला काढून
गुडघाभिंतीवर उभे.
पगारकाकू मुलाला सोडायला आलेल्या.
चिवड्याच्या कारखान्यात दिवसभर उभ्यानं पॅकिंग,
म्हणाल्या, "मला फक्त उतरणं शिकव.
चढायचं राहू दे.
बस नीट थांबतच नाही."

सातला राजस आला.
मी बोलावलं नव्हतं,
तीनदा मेसेज लिहून पुसला होता.
मिशी फुटलेली. त्यानं तिसरी भिंत पाहिली, मला नाही.
खिशातून टेप काढली, शिंप्याची, पिवळी,
एक टोक माझ्या हातात दिलं.
"धर."
टेप पाच फुटांचीच,
मध्ये बोट ठेवून पुन्हा धरली.
भिंत ते कठडा, सात फूट चार इंच.
"तेव्हा तुला किती वाटलं होतं?"
"सहा."
त्यानं मान हलवली.
खडूनं कठड्यावर आकडा लिहिला, ठळक,
डाव्या हातानं.
उजवं अजून पुरतं वळत नाही.

उडी त्यानं मारली नाही.
मीही नाही मारली.
तिकडे पगारकाकू गुडघाभिंतीवरून
चवड्यांवर आल्या, इतक्या हलक्या
की शेजारची साळुंकी
दोन पावलं सरकली फक्त.

निघताना राजस टेप गुंडाळत म्हणाला,
"पुढच्या रविवारी तू आण.
ही आईला लागते."