मापात पाप

सावेरिओ क्रेआच्या कंबरेला टेप लावली
की तो श्वास आत ओढतो.
सोडा, मी म्हणते, इथे सूट शिवायचा नाहीये.
तो हसतो, आणि हसण्याबरोबर
टेप माझ्या बोटांतून पुढे सरकते.
एकशे नऊ.
एक्केचाळीस वर्षं त्यानं कोंदोफुरीच्या कंबरा मोजल्या,
नवरदेवांच्या, पाद्र्यांच्या, शवपेटीत निजलेल्यांच्याही,
आणि खरा आकडा कुणालाच मोठ्यानं सांगितला नाही.
मी सांगते. माझी नोकरीच ती.

कंबर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, ट्रायग्लिसराइड,
आणि चांगलं म्हणतात ते कोलेस्टेरॉल, जे त्याच्याकडे फारसं नाही.
याला सिंड्रोम म्हणतात, मी समजावते.
याला चावडी म्हणतात, तो म्हणतो,
एकेकटा कुणी वाईट नसतो, पण पाचजण जमले की बघा.

बारा आठवडे, रोज एक कॅप्सूल, जेवणाआधी.
आत बर्गामोटचा वाळवलेला रस,
म्हणजे खिडकीबाहेर जे पिवळं पिवळं लोंबतंय तेच.
नुंझियाता बाराव्या वर्षी ही फळं सोलायला जायची.
साल अत्तरवाले न्यायचे,
रस गटारात जायचा, इतका कडू
की शेजारच्या डुकरानंही एकदा तोंड फिरवलं होतं.
आता तोच रस तिला डबीतून मिळणार,
किंवा मिळणारही नाही.
निम्म्या डब्यांत नुसतं पीठ आहे.
कुणाच्या, ते तिला ठाऊक नाही. मलाही नाही.
असंच असायला हवं, मी म्हणाले.
तिनं सावेरिओकडे पाहिलं.
दोघांच्या घरांमध्ये एक भिंत आहे,
आणि दोन्हीकडे एकेकच उशी.

बाराव्या आठवड्याला रिकाम्या डब्या परत आल्या.
हिशेब चोख, एक गोळी कमी नाही की जास्त नाही.
तिचं वाईट कोलेस्टेरॉल थोडं उतरलं होतं.
त्याचं थोडं उतरलं होतं.
इतकं सारखं, की मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

मग दंडावर पट्टा फुगत असताना नुंझियाता बोलली,
पट्टा फुगला की माणसं बोलतात.
पहिल्याच रविवारी म्हणे त्यांनी दोन्ही डब्या
रस्सा वाढायच्या वाडग्यात ओतल्या,
आणि लाकडी डावानं ढवळल्या.
फळ एकाला आणि पीठ दुसऱ्याला,
हा कुठला न्याय, बाई?
रोज संध्याकाळी साडेसातला, तिच्या टेबलाशी,
एक तो उचलायचा, एक ती.
मग घेवडा, पालेभाजी, थोडा पाव.
सॉसेज? तिच्या घरी सॉसेज तळत नाहीत,
वास पडद्यांत बसतो.

मी पेन हातात धरून बसले.
काय उतरवलं कोलेस्टेरॉल,
कडू रसानं, घेवड्यानं, की त्या खुर्चीनं
जी ती त्याच्यासाठी आधीच ओढून ठेवायची?
माझ्या तक्त्यात खुर्चीचा रकाना नाही.

सावेरिओ म्हणाला, लिही खरं तेच.
मापात पाप नको.
पण शिवणीत दोन बोटं कापड जास्तीचं सोडतो आम्ही,
आतल्या बाजूला, कुणाला दिसत नाही.
माणूस कुठून कसा सुटेल, सांगता येत नाही.

मी लिहिलं: दोघेही वगळले.
कारण: या शब्दापुढे तीन सेंटिमीटर जागा होती.
त्यात एवढंच मावलं: वाडगा.

टेप पुन्हा लावली, यादीत होतं म्हणून.
एकशे सहा. या वेळी त्यानं श्वास धरला नव्हता.

जिना उतरताना ती त्याच्या पुढे होती.
वळणावर थांबून विचारताना ऐकलं,
आता गोळ्या संपल्या,
मग साडेसातला काय?
त्याचं उत्तर
खालच्या दाराच्या आवाजात गेलं.