दहाच्या सुमारास

आषाढापासून चार महिने
वरून आमचा डोंगर दिसत नाही.
फोल्डर उघडावं तर नुसता ढग,
कडेपर्यंत भरलेला.
साहेब म्हणतात, काढून टाका, जागा अडते.
मी ढग काढून टाकते.

मग आश्विनात एखादं चित्र येतं लख्ख.
डावीकडे समुद्र, दौतीतल्या शाईसारखा,
खाडीचा वेडावाकडा फाटा,
सड्यांचे राखी तुकडे, कापलेल्या भाताची निळसर खाचरं,
आणि उजवीकडे, कड्यांच्या वर, राष्ट्रीय उद्यान.
(उद्यान म्हणतात त्याला, जशी काही आत बाकं असतील.)
ते अख्खं लाल.

तसं हिरवंच आहे ते.
देवरुखच्या ह्या खिडकीतूनही कळतं :
ऐन, किंजळ, हिरडा, कुणाचं पान अजून पिकलेलं नाही.
आमच्याकडे पानं शिमग्याच्या वाटेवर गळतात,
दसऱ्याला नाही.
पण उपग्रहाला एक रंग जास्तीचा दिसतो.
आपल्याला दाखवायचा तर
त्याला दुसऱ्या कुणाचे कपडे घालावे लागतात.
रान जितकं जितं, तितकं लाल.
तीन दिवसांच्या प्रशिक्षणात मी एवढंच नीट शिकले.

गुरुवारी बमू वरक आले,
काखेत घोंगडी, पिशवीत दाव्याचे कागद.
खुर्ची दिली तर तिच्यावर पिशवी ठेवली
आणि स्क्रीनकडे बघत उभेच राहिले.
"पेटलंय काय गो?"
नाही काका. बरं आहे रान. फार बरं आहे.

त्यांना पुरावा पाहिजे होता
की वरच्या टेपावर त्यांचा वाडा होता :
चार घरं, चार गोठे, बावीस म्हशी.
रेशनकार्डावर पत्ता खालच्या गावाचा,
कारण कार्ड लिहिणारा कधी वर चढलाच नाही.

मी जुनं चित्र शोधून काढलं.
सत्त्याण्णवचा ऑक्टोबर. तीस मीटरला एक ठिपका.
घर, गोठा, अंगण, खुंटे, दारातला उंबर,
सगळ्यांचा मिळून एक चौकोन,
तोही शेजारच्या चौकोनाइतकाच लाल.
मोठा केला.
चौकोन मोठा झाला.

त्यांनी बोट पुढे केलं, काचेला न लावता,
जसं निजलेल्या पोरावरून माशी वारावी.
"ही मानेची धार. ह्यो पान्याचा कोंड.
हितनं गवळदेवाची वाट.
हितं माजी थोरली भैन पुरल्याली."
मला सगळीकडे लालच दिसत होतं.

मी म्हटलं, म्हशी मोकळ्या गवतावर असत्या तर
निदान तुडवलेली जागा फिकी दिसली असती.
"किती वाजता काडला ह्यो फोटू?"
दहाच्या सुमारास. तो नेहमी दहाच्या सुमारासच जातो.
ते हसले. पहिल्यांदाच.
"मग कसं गावनार?
उन्ह चढलं का जनावर झाडाबुडी, आमी बी झाडाबुडी.
धारंच्या टायमाला ये म्हनावं. धूर तरी दिसंल."

अहवालात एक वाक्य आधीच छापलेलं असतं :
प्रतिमेत वसाहतीची चिन्हे आढळत नाहीत.
शेरा लिहायला रकाना आहे, अर्ध्या ओळीचा.
मी लिहिलं : वेळ चुकीची.
मग वाटलं साहेब विचारतील, कुणाची.
तरी खोडलं नाही.

जाताना म्हणाले, एक कागद दे त्येचा.
प्रिंटरमधली गुलाबी शाई जूनपासून संपलेली,
मागणीपत्र रत्नागिरीत पडून.
लालाच्या जागी सगळा डोंगर
पिवळा होऊन बाहेर आला,
ओला, शाईच्या वासाचा,
आम्ही कुणीच कधी न पाहिलेला.

त्यांनी तो उजेडाकडे धरला.
"पिकलं," म्हणाले,
आणि चार घड्या घातल्या.
एक घडी नेमकी वाड्यावरून गेली.